जुरागानच्या घरातली होडी

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो. जुनी म्हटलं की लोक लगेच कुजकी समजतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. मी उलिनच्या लाकडाची आहे. हे लाकूड इतकं कठीण, की वाळवी त्याच्याकडे बघून रस्ता बदलते. माझा रंग गेला, काठ झिजले, एक कूस थोडी चेपली, पण फळी एकही सडलेली नाही. आमच्या मार्तापुरा नदीवर माझ्या वयाच्या ज्या होड्या होत्या, त्यांतल्या पुष्कळ चुलीत गेल्या. मी मात्र अजून कामावर आहे. काम कसलं, ते ऐकून तुम्ही हसाल. हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

मला दारमावीने बांधलं. तेव्हा तो तरुण होता आणि बापाच्या हाताखालून सुटून एकट्याने केलेली ती त्याची पहिली होडी. त्यामुळे त्याने माझ्यावर जरा जास्तच जीव लावला. फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडल्या. मग फळ्यांमधल्या फटींत गेलम झाडाची मऊ साल कुटून ठोकली आणि वरून राळ फासली. ही साल तो बाहेरच्या अंगाने ठोकायचा. त्याचा बाप तसंच करायचा, आजाही तसंच करायचा. नदीचं पाणी बाहेरून दाबतं, साल आणखी आत रुतते, आणि होडीत थेंब येत नाही. मला पाण्यात सोडताना दारमावी माझ्या अंगावर थाप मारून म्हणाला, "हिच्या फटींतून पाणी गेलं तर माझं नाव बदला!" तेव्हा मला वाटलं, वा, काय माणसाच्या हातून जन्म झाला आपला.

माझी मालकीण मास्निया. ती लग्न होऊन आली त्याच वर्षी तिच्या नवऱ्याने मला घेतलं आणि वल्हं तिच्या हातात दिलं. आमच्याकडे पाण्यावरच्या बाजारात बायकाच होड्या नेतात. केळी, पालेभाजी, फणस, परसातली संत्री असा माल माझ्या पोटात रचायचा आणि निघायचं. बाजारात शिरलं की होडीला होडी घासायची. ताडपानांच्या रुंद टोप्या घातलेल्या त्या बायका, आणि त्यांची तोंडं! कोणाच्या सुनेने भात करपवला, कोणाचा नवरा मासे धरायला जातो म्हणून सांगून कुठे जाऊन बसतो, सगळं मला माहीत. होडीला कान नसतात असं समजून माणसं काय काय बोलतात, मित्रांनो!

मास्निया माल मापताना चिकट, पण माझ्या बाबतीत तिचा हात सढळ. घरी आलं की आधी मला धुवायची, मग स्वतः अंघोळीला जायची. "माझ्या होडीने आजवर माझ्या सारोंगचा काठ भिजवला नाही," असं ती कमरेला गुंडाळलेलं ते वस्त्र झटकत चारचौघींत सांगायची. मी फुगून जायचे.

मग तिचा नवरा गेला. तापाचं निमित्त झालं आणि गेला. मूलबाळ नव्हतं. बाजारात ती सगळ्यांशी बोलायची, पण परतीच्या वाटेवर एक शब्द नाही. वल्ह्याचा आवाज तेवढा. ते दिवस मला फार जड गेले.

अशाच एका सकाळी पालेभाजीच्या जुडीतून वीतभर लांब, काळं, पिवळ्या ठिपक्यांचं एक जनावर बाहेर आलं. "अगं बाई, साप!" मास्नियाने वल्हं हाणलं, ते माझ्या काठावर बसलं. शेजारच्या होडीतून रुकाया ओरडली, "सापाला पाय कधी फुटले गं? घोरपडीचं पिल्लू आहे ते. फेक नदीत!" पण पिल्लू तोवर माझ्या पुढच्या फळीखाली घुसलं होतं. एवढासा जीव, आणि गळा फुगवून आम्हा सगळ्यांना दम देत होता. मास्निया कितीतरी महिन्यांनी हसली. म्हणाली, "होडी माझी, माल माझा, आणि थाट बघा याचा! जुरागानच आला जणू." जुरागान म्हणजे मालक. तेच नाव पडलं.

ती म्हणायची, आपोआप जाईल. आणि म्हणता म्हणता अंडं फोडून ठेवायची. वल्ह्याने माझ्या काठावर टकटक केलं की अंडं मिळतं, हे जुरागान दोन दिवसांत शिकला. मग कोण जातो? रोज माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पसरून ऊन खात बाजाराला यायचा. बायका चिडवायच्या, "मास्निया, लोक या वयात मुलं-बाळं खेळवतात, तू घोरपड खेळवतेस." मास्निया म्हणायची, "मुलं मोठी झाली की उलट बोलतात. हा बोलत नाही." परतीच्या वाटेवर आता ती त्याच्याशी बोलायची. खरं सांगते, मला त्या पिल्लाचा हेवा वाटला नाही. माझं ओझं हलकं झाल्यासारखंच वाटलं.

पुढे नदीकाठाने रस्ता झाला, पूल झाला. रुकायाने स्कूटर घेतली. एकेक बाई जमिनीवरच्या बाजारात बसायला लागली. मास्नियाचे गुडघेही आता कुरकुरत होते. एक दिवस तिने मला घरासमोर ओढून घेतलं, खांबांवरच्या घराच्या पोटाखाली नेलं आणि दोन ओंडक्यांवर पालथं घातलं. माझ्या पाठीवर हात फिरवला, म्हणाली, "बस आता तूही." त्यानंतर माझ्या खाली कोंबड्यांनी अंडी घातली, मुंग्यांनी वस्ती केली. मला वाटलं, संपलं. कोणी येऊन दोन शब्द बोललं असतं तरी चाललं असतं.

सोबतीला होता तो जुरागान. तोही माझ्याच सावलीत पडून असायचा. पण तो आता वीतभर राहिला नव्हता. नाकापासून शेपटीपर्यंत माणसाएवढा लांब झाला होता. चालायला लागला की पोट असं डुलायचं, की समोरून येणारा माणूस वाट सोडून उभा राहायचा. माणसाला तो भ्यायचा नाही, हीच पंचाईत होती. गावात सगळे मास्नियाला आता आचिल, म्हणजे मावशी, म्हणत. लोक म्हणाले, "आचिल, सोड त्याला लांब कुठेतरी." तिने जड मनाने सोडूनही पाहिलं. रुकायाच्या भावाच्या मोटारहोडीतून वरच्या दलदलीत नेऊन सोडलं. तिथे एका कोळ्याने होडीच्या काठावर वल्हं आपटलं, आणि हा अंडं मिळणार म्हणून थेट त्या होडीत चढायला गेला! कोळ्याने त्याला बदडलं. आठवडाभराने पाठीवर जखम घेऊन जुरागान परत दारात. मास्नियाने जखमेला हळद लावली आणि रडली. म्हणाली, "मीच याला असा केलाय. आता मीच निस्तरलं पाहिजे."

आणि मग ती बदकांची भानगड झाली. शेजारच्या हाजी बुसराची बदकं गावात नावाजलेली. जुरागानने त्यांतलं एक पळवलं. मग आणखी एक. बुसरा आरडाओरडा करत गावचा मुखिया स्यारवानी याला घेऊन आला.

स्यारवानी म्हणाला, "आचिल, बदकं गेली ती गेली. उद्या कोणाच्या पोराला धरलं तर?"

"पोराला धरण्याएवढं तोंड तरी आहे का त्याचं? तुझ्या तोंडापेक्षा लहान आहे."

लोक हसले. मुखिया हसला नाही. "थट्टा पुरे. आठवडी बाजार झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी कातडी विकत घेणाऱ्याची गाडी गावात येते. तोवर याच्यासाठी पक्की जागा कर, याने बाहेर पाऊल टाकता कामा नये. नाहीतर गाडीत तो जाईल. मी स्वतः उचलून देईन."

मास्नियाच्या तोंडचं पाणी पळालं. आठवडाही हातात नव्हता.

लोकांच्या सूचनांना काय तोटा! कोणी म्हणालं साखळी बांध. कोणी कोंबड्यांचा लोखंडी पिंजरा आणून दिला. मास्निया त्याच्याकडे बघून म्हणाली, "यात हा वळला तर शेपूट बाहेर राहील. जिवंतपणी कबरीत घालू का?" पिंजरा तिने परत पाठवला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिने एक वेगळंच केलं. हातात छत्री घेतली आणि जुरागानच्या मागे फिरत राहिली. तो बसला की तीही बसायची, तो उठला की तीही गुडघे धरून उठायची. लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

संध्याकाळी तिने काठीने चिखलात रेघा ओढल्या आणि रुकायाला समजावून सांगितलं. "सकाळी हा तापलेल्या पत्र्यावर पडून असतो, हलत नाही. ऊन डोक्यावर आलं की पाण्यात जातो, तोही नुसते पाय बुडवून नाही, अख्खा. मग काठाची माती उकरतो, बिळात शिरतो. मधे त्या वाकड्या झाडावर चढून येतो. हे सगळं घरात पाहिजे. एक जरी राहिलं तरी हा बाहेर जाणार. मीसुद्धा जाईन."

रुकाया म्हणाली, "म्हणजे पिंजरा नकोच. तुला त्याच्यासाठी वाडीच उभारायचीय!"

"मग काय तर!"

आणि वाडी उभी राहायला लागली, मित्रांनो. परसाला लागून नदीवरचा जुना धक्का पडला होता. त्याचे उलिनचे खांब गावातल्या माणसांनी मिळून ओढून आणले. आमच्याकडे कोणाचं घर उभं राहात असलं की बोलवावं लागत नाही, लोक कोयते घेऊन येतात. घोरपडीचं घर असलं म्हणून काय झालं! खांबांना जाड जाळी लागली, वरूनही लागली, कारण हे जनावर चढतं. एका बाजूला माती ओतून ढिगारा केला, आत झाडाची वाकडी फांदी रोवली. ऊन खायला पत्रा नव्हता, तर मास्नियाने स्वतःच्या स्वयंपाकघराचाच काढून दिला. त्या दिवशी पाऊस आला आणि तिने चुलीवर छत्री धरून भात शिजवला.

राहिलं पाणी. प्लास्टिकचं पिंप ठेवलं, जुरागानने त्यावर पाय टेकले, पिंप आडवं. सिमेंटचा हौद करावा तर आमची जमीन म्हणजे चिखलावर अंथरलेलं गवत. हौद खचतो आणि तडकतो. मास्निया कमरेवर हात ठेवून विचार करत उभी होती, तेवढ्यात तिची नजर घराखाली गेली. माझ्यावर.

ती निघाली ती थेट दारमावीकडे. तो आता म्हातारा झाला होता, सगळे त्याला जुलाक, म्हणजे थोरले काका, म्हणायचे. तो आला, मला सुलटं केलं आणि अंगावरच्या मुंग्या झाडल्या. त्याचा हात ओळखून मला भरून आलं.

"परत बाजाराला निघालीस की काय?" त्याने विचारलं.

"नाही जुलाक. हिच्यात पाणी भरायचंय."

"काय भरायचंय?"

"पाणी. जुरागानला डुंबायला."

दारमावी लाल झाला. "मास्निया, जन्मभर मी होडीत पाणी येऊ दिलं नाही, आणि आता तू मला तिच्यात पाणी ओतायला सांगतेस? उद्या म्हणशील घराचं छप्पर खाली घाला!"

"घाला की. माझं तरी वर कुठे राहिलंय?"

त्याला हसू आवरेना. पण मला हसू आलं नाही. मला लाज वाटली. ज्या होडीत पाणी आहे ती बुडालेली होडी, असं आम्ही जन्मापासून समजत आलो. चारचौघींत माझा मान होता, आणि आता माझं डबकं करणार? मी बोलू शकत असते तर नाही म्हणाले असते.

पण दारमावीने कामाला हात घातला. वाळून गेलेली जुनी साल काढली, नवी कुटली, फटी भरल्या, राळ फासली. त्याच्या हाताला आता कंप होता, तरी प्रत्येक घाव जागच्या जागी. वाडीच्या मधोमध मला दोन ओंडक्यांवर बसवलं. गावकऱ्यांनी बादल्यांनी पाणी ओतलं. जुरागान आत आला, जीभ बाहेर काढून मला हुंगलं आणि सरळ पोटात उतरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "होडी कोणी बांधलीय!" दारमावी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे बाजाराच्या दिवशी सकाळी, मी कोरडी ठणठणीत होते. सगळं पाणी खाली झिरपलं होतं. वाडीत चिखल झाला, जाळीखालची माती लोण्यासारखी मऊ झाली, आणि जुरागानने ती उकरून बोगदा केला होता. मास्निया आली, तिने बोगदा बघितला, आणि त्याच क्षणी शेजारून बदकांचा एकच गलका उठला.

बुसराचं खुराडं आमच्या जाळीला लागूनच, त्यामुळे पुढचं सगळं मला दिसलं. बुसरा कोयता घेऊन धावला. मास्निया धापा टाकत त्याच्या मागे.

"आचिल, बाजूला हो! या वेळी मी ऐकणार नाही!"

"ऐकू नकोस, पण डोळे उघडून बघ तरी! तुझं बदक आहे का त्याच्या तोंडात?"

बुसराने बघितलं. बदकं सगळी छपरावर चढून ओरडत होती. आणि जुरागान त्यांच्या पाण्याच्या टाकीत मानेपर्यंत बुडून, डोळे मिटून बसला होता.

"हा... हा अंघोळ करतोय?" बुसराचा कोयता खाली आला.

"त्याचं पाणी गेलं रे. म्हणून आला." मास्नियाने तिथलं एक लाकूड उचलून खांबावर टकटक केलं. जुरागान उठला आणि तिच्या मागे गुमान घरी आला. तिने त्याला न्हाणीघरात कोंडलं.

तोवर मुखिया आला होता. "मी काय सांगितलं होतं? उद्या सकाळी गाडी येतेय. संपलं."

गलका ऐकून आलेला दारमावी माझ्याभोवती फिरत होता. तो वाकला, फटीवरून बोट फिरवलं. साल बाहेरच्या बाजूला लोंबत होती. त्याने माझ्या आत बघितलं, मग बाहेर बघितलं, आणि चिखलातच बसकण मारून कपाळावर हात मारला.

"अरे माझ्या कर्मा! पाणी आत, आणि मी ठोकली बाहेरून! पाण्याने आतून ढकलली की ती जाणार कुठे? बाहेरच! जन्मभर जे केलं तेच हात करत राहिले, डोकं कुठे होतं माझं?"

रुकाया म्हणाली, "जुलाक, ते नाव बदलायचं म्हणाला होतात. काय ठेवू या?"

"गाढव ठेव," दारमावी म्हणाला. मग उठून मुखियासमोर उभा राहिला. आमच्या गावात त्या माणसाने कोणासमोर मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती. "स्यारवानी, जागा पक्की नव्हती ती माझ्यामुळे. जनावराची चूक नाही. माझ्या चुकीसाठी त्याची कातडी काढणार का? आजचा दिवस दे."

मुखियाने बुसराकडे बघितलं. बदकं त्याची गेली होती, त्यामुळे शब्द त्याचा. बुसराने कोयता कमरेला खोचला. "गाडी काय, उद्याच येणार आहे," तो पुटपुटला. "आजचा दिवस बघा काय ते."

मग काय सांगू, मित्रांनो! रुकाया स्कूटरवरून बाजारात गेली आणि तासाभरात माझ्या जुन्या ओळखीच्या सगळ्या बायका दुकानं आवरून आल्या. दारमावी पटाशीने फटी आतून रुंद करत पुढे सरकायचा, मागून बायका साल ठोकायच्या. होड्यांवर आयुष्य काढलेल्या त्या बायका, त्यांना शिकवायला कशाला लागतं? इतक्या जणी एका वेळी माझ्या पोटात कधीच बसल्या नव्हत्या. आणि तोंडं? तशीच चालू! कोणाची सून, कोणाचा नवरा. मी किती वर्षांनी ते ऐकत होते. बुसरासुद्धा आला. त्याने जाळीच्या बुडाशी उलिनच्या फळ्या खोल उभ्या गाडल्या, म्हणजे पुन्हा उकरायला नको.

कलत्या उन्हात बादल्या आल्या. पाणी माझ्या पोटात चढत गेलं. मी जीव मुठीत धरून होते. पाणी आतून दाबत होतं, आणि साल जागची हलत नव्हती. उलट घट्ट बसत होती. दारमावी माझ्याखाली आडवा पडून हात फिरवत होता. "कोरडी," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "कोरडी आहे गं पोरी." हे तो मास्नियाला म्हणाला की मला, कोण जाणे. मी माझ्यापुरतं घेतलं. लाज कुठल्या कुठे गेली. होडीने पाणी अडवायचं, एवढंच आमचं काम. ते बाहेरचं की आतलं, हा काय विचार करायचा?

जुरागानला आत सोडलं. बायका बिंका नावाचा तो गोड केक खात बघत बसल्या. एवढ्यात संध्याकाळच्या नमाजाची बांग झाली आणि सगळ्यांची एकच धांदल उडाली. कोणी बादल्या उचलल्या, कोणी पटाशी, आणि जी ती घरी पळाली. रुकायाला वाटलं, वाडीच्या दाराची कडी मास्नियाने लावली. मास्नियाला वाटलं, दारमावीने. कोणीच लावली नव्हती.

मी बघत होते. ओरडायला तोंड नव्हतं.

सकाळी ऊन वर आलं. जुरागान मातीच्या ढिगाऱ्यातून बाहेर आला. पत्र्यावर पडून अंग तापवलं. मग उठून दाराशी गेला. वाऱ्याने दार सताड उघडलं होतं. पलीकडे बुसराची बदकं क्वॅक क्वॅक करत होती. त्याने जीभ बाहेर काढली, आत घेतली, पुन्हा काढली. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. मित्रांनो, माझ्या फळ्या तेव्हा करकरल्या की काय, मला ठाऊक नाही. तो तसाच उभा राहिला. मग पाय आत घेतला, वळला, डुलत डुलत आला आणि माझ्या पोटात उतरून तळाला जाऊन पडला.

तेवढ्यात मास्निया अंडं घेऊन आली. उघडं दार बघितलं आणि वाटी तिच्या हातातून पडली. मागूनच मुखिया, बुसरा आणि कातडीवाला येत होते. कातडीवाल्याच्या खांद्यावर पोतं होतं.

"दार उघडं?" मुखिया ओरडला. "आचिल, रात्रभर दार उघडं होतं?"

बुसरा खुराड्याकडे धावत सुटला. कातडीवाला म्हणाला, "गेलं म्हणायचं जनावर. मग मला कशाला बोलावलंत?"

डुबुक! माझ्या काठावर एक काळं डोकं वर आलं. जुरागानने सगळ्यांकडे एकवार बघितलं, हनुवटी माझ्या काठावर टेकली आणि डोळे मिटले. मास्नियाने जाळीला धरून हुंदका दिला. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

बुसरा परत आला. "सगळी आहेत," तो म्हणाला. "एकाचं पीससुद्धा गेलेलं नाही."

मग मुखियाने दार ओढून घेतलं, स्वतःच्या हाताने कडी लावली आणि कातडीवाल्याला म्हणाला, "तुम्ही या आता. इथे तुमच्यासाठी काही नाही."

आता दाराला रोज कडी लागते, दोन वेळा तपासली जाते. मास्नियाच्या स्वयंपाकघरावर बुसराने नवा पत्रा ठोकून दिला. माझं पाणी ती दर दोन दिवसांनी बदलते, आणि बदलताना मला धुते, पूर्वीसारखी.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कोणाला घरी आणाल तर त्याला काय लागतं ते त्यालाच बघून शिका, आणि चूक झाली तर ती त्याच्या माथी मारू नका. आमच्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूही जरा विचारून बघा. आम्ही कशाच्या उपयोगी पडू, हे आम्हालाही ठाऊक नसतं. थांबा, वल्ह्याची टकटक ऐकू येतेय. अंडं आलं वाटतं. जुरागान उठला म्हणजे माझं निम्मं पाणी बाहेर सांडतं, आणि मास्निया आम्हा दोघांनाही शिव्या देते.